एकवीस हजारांचा दाखला

“कितीचा काढायचा?” काउंटरमागच्या मुलाने विचारलं.

“एकवीसचाच लागतो म्हणले,” बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढून पुढे ठेवला. मुलाने आणखी काही विचारलं नाही. उत्पन्नाच्या रकान्यात २१,००० हा आकडा टाकून तो पुढच्या रकान्याकडे वळला.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सेतू केंद्रात हा संवाद कानावर पडेल. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, असाध्य आजाराने खिळलेली माणसं यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी लागतं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. बाहेर आल्यावर मी बाईंशी बोलले. त्या चार घरी धुणंभांडी करतात, एका घराचे हजार रुपये. म्हणजे वर्षाचे ४८ हजार. दाखला निघाला तर त्या आकड्याने गरीब ठरतील. खरा आकडा सांगितला तर ठरणार नाहीत. पण खऱ्या आकड्यातही त्या गरीबच आहेत, हे त्यांच्याकडे पाहणाऱ्या कुणालाही कळतं.

एकवीस हजारांना बाराने भागलं तर महिन्याला १,७५० रुपये येतात, आणि तेही एकट्या माणसाचे नव्हेत, सगळ्या कुटुंबाचे. दिवसाला ५७ रुपये. सरकारच्याच रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. खेड्यातल्या एखाद्या कुटुंबाने त्या वर्षी हमीचे शंभर दिवस पूर्ण भरले तर हातात ३१,२०० रुपये आले. म्हणजे सरकारने कायद्याने हमी दिलेलं काम प्रामाणिकपणे केलं, की सरकारच्याच निराधार योजनेतून कुटुंब बाहेर. ही विसंगती मंत्रालयात, तहसीलीत, तलाठ्याच्या सज्जात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तो आकडा कुणी विचारत नाही आणि कुणी तपासतही नाही. नवरा गमावलेल्या बाईला मदत मागायला आल्यावर पहिलं काम खोटं सांगण्याचं करावं लागतं, हे मला अतिशय अपमानकारक वाटतं.

या अंकासाठी ‘रेषा’ हा विषय ठरला तेव्हा संपादकांनी मला दारिद्र्यरेषेवर लिहायला सांगितलं. ती रेषा दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये आखली जाते, हे पुस्तकांतून माहीत होतं. ती जमिनीवर नेमकी कुठून जाते हे पाहायला मी नागापूरला गेले.

पुलापलीकडे

नगर शहरातून मनमाड रस्त्याने निघालं की सीनेचा पूल ओलांडून नागापूर लागतं. कागदोपत्री आता जिल्हा अहिल्यानगर झाला असला तरी रिक्षावाला ‘नगर’च म्हणतो. एमआयडीसी आली तशी इथली शेतं गेली आणि खोल्या उभ्या राहिल्या. स्विचगिअर, मोटारी, बॅटऱ्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान वर्कशॉप यांच्या भोवती भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. एका रांगेत आठ-दहा दारं, वर पत्रा, टोकाला दोन संडास. सकाळी सातच्या पाळीच्या आधी रस्त्यावर डबा घेतलेल्या माणसांची रीघ असते. आष्टी, पाथर्डी, शेवगाव, जामखेड इकडची माणसं बरीच. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे त्यांची मुलं आता ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. उत्तर प्रदेश-बिहारचेही आहेत.

इथे एक गोष्ट नकाशावर पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. नागापूर आणि बोल्हेगाव महापालिकेच्या हद्दीत आहेत. लगतचं नवनागापूर मात्र ग्रामपंचायत म्हणून वाढलं. दोन्हीकडचे लोक त्याच कारखान्यांत जातात, त्याच दुकानांतून किराणा भरतात, खोलीभाडंही तेवढंच देतात. पण अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबांसाठी जी उत्पन्नमर्यादा घातली ती शहरी भागासाठी वर्षाला ५९ हजार आणि ग्रामीण भागासाठी ४४ हजार आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेली महाराष्ट्राची दारिद्र्यरेषाही तशीच दुहेरी होती. ग्रामीण भागात माणशी महिन्याला ९६७ रुपये, शहरी भागात १,१२६. यामागचं गृहीत असं की खेड्यात जगणं स्वस्त असतं. नवनागापुरात दुधाची पिशवी शहराच्याच भावाने मिळते.

एका खोलीत मी बराच वेळ बसले. नवरा-बायको, दोन मुलं. गाव आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्ह्यातलं, इथून फार लांब नाही. नवरा एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला. पीएफ आणि ईएसआय कापून हातात साडेबारा हजार येतात. खोलीचं भाडं तीन हजार, लाइट वेगळी. गॅसची टाकी, दोन मोबाइलचे रिचार्ज, मोठीची शाळा, धाकट्याचं दूध, बचत गटाचा हप्ता, गावाकडे म्हाताऱ्यांना दीड हजार. “किराणा शेवटी भरायचा,” ती म्हणाली. “बाकीचं थांबत नाही. किराण्यात काटछाट होती.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत राहिले, कारण दारिद्र्यरेषेच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासाची मांडणी बरोबर याच्या उलट आहे. तिथे किराणा आधी मांडतात आणि बाकीचं त्यावर बसवतात.

कैद्याचा शिधा आणि पुण्याचा हिशेब

माणूस जिवंत राहायला कमीत कमी किती पैसे लागतात, हा हिशेब भारतात पहिल्यांदा नीट मांडला दादाभाई नौरोजींनी. १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. १९०१ च्या ग्रंथात तो आला. त्यांनी आधार घेतला तुरुंगातल्या शिध्याचा. कैद्याला सरकार जे धान्य, डाळ, मीठ, कपडा देतं त्याची किंमत प्रांताप्रांतानुसार काढली. सामान्य रयतेच्या वाट्याला सरासरीनेही तेवढं येत नाही हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच कागदांवरून दाखवलं.

पुढे १९३८ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिने माणशी महिन्याला १५ ते २० रुपयांचं किमान जीवनमान डोळ्यांपुढे ठेवलं. त्या समितीचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू चार वर्षांनी नगरच्याच भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि तिथे लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या समितीच्या कामाबद्दल लिहिलं आहे. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने १९६०-६१ च्या भावांनी माणशी महिन्याला २० रुपये हा आकडा धरला. शिक्षण आणि आरोग्य त्यात धरलेलं नव्हतं. ते सरकार फुकट देईल असं गृहीत होतं.

मग आलं पुणं. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ १९७१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं आणि देशभर खळबळ उडाली. त्यांनी प्रश्न अगदी स्वच्छ ठेवला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक लागतात असं धरलं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांत खर्चाच्या पायऱ्या चढत गेलं की कोणत्या पायरीवरच्या माणसाच्या ताटात तेवढे उष्मांक पडतात? ग्रामीण भागात ती पायरी वर्षाला माणशी सुमारे १८० रुपयांवर सापडली, म्हणजे महिन्याला १५. शहरासाठी त्यांनी २७० धरले, महिन्याला साडेबावीस. ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले निम्मे लोक त्याखाली होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दांडेकर-रथांनी १५ रुपयांत फक्त धान्य बसवलं नव्हतं. त्या पायरीवरचा माणूस प्रत्यक्षात जे काही घेतो, तेल, मीठ, कापड, काडेपेटी, ते सगळं त्यात आलं. पण तो ते ‘पुरेसं’ घेतो का, हा प्रश्न पद्धतीत नव्हता. उष्मांक भरले की बाकीचं भरलं असं मानायचं. आष्टीकडून आलेल्या त्या बाईचं घर या गृहीतात बसत नाही. तिच्याकडे बाकीचं भरतं आणि उष्मांक कमी पडतात.

दांडेकर-रथांचं मोठेपण माझ्या मते आकड्यात नाही, त्यांनी सांगितलेल्या उपायात आहे. ज्याला काम पाहिजे त्याला सरकारने काम द्यावं आणि त्याचा खर्च वरच्या थरातल्या लोकांवर बसवावा, असं त्यांनी थेट लिहिलं. महाराष्ट्रात वि. स. पागे १९६५ पासून तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या प्रयोगाने त्याच वाटेवर होते. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या हजारो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, आणि त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिचा खर्च भागवायला राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला.

तो कर आजही चालू आहे. आष्टीच्या त्या माणसाची पगारपावती मी पाहिली. महिन्याला दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. गरिबाला काम मिळावं म्हणून वरच्या थरावर बसवलेला कर पन्नास वर्षांत खाली सरकत सरकत त्याच्यापर्यंत आला आहे. वर्षाचे अडीच हजार रुपये ही त्याच्या घरी जवळपास खोलीचं महिन्याचं भाडं भरेल एवढी रक्कम आहे.

आठवणीचा खेळ

१९७९ मध्ये योगिंदर अलघ यांच्या कार्यदलाने ग्रामीण २,४०० आणि शहरी २,१०० उष्मांक अशी विभागणी केली आणि ती रेषा सरकारी झाली. १९९३ च्या लकडावाला गटाने प्रत्येक राज्याची रेषा वेगळी केली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने उष्मांकांचा आधारच सोडला. उष्मांक आणि पोषण यांचं नातं पाहण्यांत सरळ दिसत नाही, असं त्यांचं कारण होतं. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी म्हणून त्यांनी २००४-०५ चं शहरी दारिद्र्याचं प्रचलित प्रमाण, २५.७ टक्के, तसंच ठेवलं आणि त्या पायरीवरच्या शहरी कुटुंबाची टोपली ग्रामीण भागालाही लावली. देशाचं प्रमाण ३७.२ टक्क्यांवर गेलं. २०११ मध्ये हीच रेषा सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात दिवसाला शहरी ३२ आणि ग्रामीण २६ रुपये अशी मांडली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. २०१४ मध्ये रंगराजन गटाने ४७ आणि ३२ रुपये सुचवले. ती शिफारस सरकारने स्वीकारली नाही. त्यानंतर देशाने नवी खर्चाधारित रेषा आखलेली नाही.

रेषेबद्दल एवढा वाद होतो, पण रेषेखाली कोण आहे हे ज्या पाहणीवरून ठरतं तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पाहणी करणारा घरी येतो आणि विचारतो, “गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं? भाजी किती? कपडे?” माणसाला तीस दिवसांपूर्वीची भाजी आठवत नाही. वर्षातून एकदा घेतलेले कपडे तीस दिवसांत बहुतेक सापडत नाहीत. म्हणून काही वस्तूंसाठी सात दिवस, काहींसाठी तीस, काहींसाठी वर्ष असे कालावधी केले. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घरी सात आणि तीस दिवसांचे प्रश्न एकत्र विचारले गेले. लोकांनी एका उत्तराशी दुसरं जुळवून घेतलं आणि त्यावर्षी गरिबी खरंच घटली की प्रश्न बदलले म्हणून घटली, यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. २०२२-२३ च्या पाहणीत पाहणी करणारे एका घरी तीन महिन्यांत तीनदा गेले. एकदा खाण्यापिण्यासाठी, एकदा किरकोळ वस्तू आणि सेवांसाठी, एकदा टिकाऊ वस्तूंसाठी. एका बैठकीत माणूस कंटाळतो आणि ‘नाही’ म्हणायला लागतो. तीन भेटींत तो जास्त सांगतो. जास्त सांगितलं की खर्च जास्त दिसतो आणि गरिबी कमी. यात कुणी फसवणूक करतं असं नाही. नवी पद्धत जुनीपेक्षा चांगलीच आहे. पण जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा ठेवून लगेच टाळ्या वाजवता येत नाहीत.

२०२३-२४ च्या पाहणीत देशाचा शहरी माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आला. आष्टीच्या कुटुंबाचे साडेबारा हजार चौघांत वाटले तर माणशी ३,१२५ होतात. सरासरीच्या निम्म्याहून कमी. तेंडुलकर पद्धतीची महाराष्ट्राची शहरी रेषा महागाईमुळे साधारण दुप्पट धरली तरी चौघांना मिळून नऊ हजार होते. म्हणजे हे कुटुंब रेषेच्या बरंच वर आहे.

वॉशिंग्टनचे तीन डॉलर

जागतिक बँकेने १९९० मध्ये ‘दिवसाला एक डॉलर’ ही रेषा जगापुढे ठेवली, तेव्हा मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं होतं. सर्वांत गरीब देशांनी स्वतःसाठी आखलेल्या रेषा एकत्र मांडल्या आणि त्या कुठे जमतात ते पाहिलं. तीच पद्धत पुढे चालली. १.२५, १.९०, २.१५ आणि जून २०२५ पासून तीन डॉलर. अनेकांना वाटतं की हा बाजारातला डॉलर आहे, म्हणजे अडीचशे रुपये. तो तसा नाही. देशोदेशी तांदूळ, साबण, केस कापणं, भाडं यांचे भाव गोळा करून, अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे किती रुपयांना मिळतं हे काढतात. २०२१ च्या भावांनी ते सुमारे वीस रुपये येतं. म्हणून तीन डॉलर म्हणजे माणशी दिवसाला साधारण साठ रुपये. या रेषेने भारतातलं अतिदारिद्र्य २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलं. भारतासारख्या देशांसाठी बँकेचीच दुसरी रेषा ४.२० डॉलरची आहे. तिने मोजलं तर जवळपास चोवीस टक्के. पेपरात पहिला आकडा मथळ्यात येतो, दुसरा बहुतेक येतच नाही.

श्रीमंत देशांत काय करतात? अमेरिकेत मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९६३-६४ मध्ये सगळ्यांत काटकसरीच्या आहाराची किंमत काढली आणि तिला तिनाने गुणलं, कारण १९५५ च्या पाहणीत अमेरिकी कुटुंबं उत्पन्नाचा तिसरा हिस्सा खाण्यावर घालवत होती. आज तिथे खाण्याचा हिस्सा खूप कमी आणि घरभाड्याचा खूप मोठा झाला आहे. तरी सरकारी रेषा अजून त्याच गुणाकाराची, महागाईने वाढवलेली आहे. युरोपात वेगळं. तिथे देशातल्या मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या साठ टक्क्यांखाली जो आहे त्याला गरिबीच्या धोक्यातला मानतात. शेजारी पुढे गेला आणि आपण जागीच राहिलो, तर तिथे आपण गरीब ठरतो. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिलं होतं की चारचौघांत लाज न वाटता वावरायला जे लागतं ते गरजेचंच समजावं, आणि उदाहरण दिलं होतं मजुराच्या लिननच्या सदऱ्याचं. नागापूरच्या खोलीत तो सदरा म्हणजे मोबाइल आहे. ठेकेदाराचा सुपरवायझर उद्याची पाळी व्हॉट्सअॅपवर टाकतो. रिचार्ज संपला की खाडा होतो.

बारा प्रश्न

नीती आयोग आता पैशांऐवजी उणिवा मोजतो. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे मिळून बारा निकष. पोषण, बालमृत्यू, मातेची देखभाल, शाळेची वर्षं, शाळेत जाणं, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू, बँकेचं खातं. प्रत्येकाला भार असतो आणि भारांची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की कुटुंब गरीब. या मोजमापाने देशातलं प्रमाण २०१५-१६ च्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आलं. महाराष्ट्राचं १४.८० वरून ७.८१ वर.

मी त्या खोलीत बसूनच बारा प्रश्न मनात तपासले. गॅस आहे. वीज आहे. नळ आहे. जनधन खातं आहे. नवरा दहावी शिकलेला. मुलं शाळेत. फरशी आहे, पत्रा आहे. टीव्ही आणि मोबाइल आहे. संडास दुसऱ्या घरांबरोबरचा आहे, ती उणीव धरली जाते. तिचा भार एकविसावा हिस्सा. बाई अगदी काटकुळ्या आहेत. पोषणाची उणीव धरली तर सहावा हिस्सा आणखी. बेरीज पाव सुद्धा भरत नाही. कुटुंब गरीब नाही.

या बारा प्रश्नांचं मोल मी कमी लेखत नाही. वीस वर्षांपूर्वी याच बाईच्या आईला चुलीसाठी काटक्या वेचाव्या लागत होत्या आणि उघड्यावर जावं लागत होतं. ते गेलं ही मोठी गोष्ट आहे. पण ठेकेदाराने उद्या ‘येऊ नको’ म्हटलं तर काय, भाडं थकलं तर काय, बचत गटाखेरीज खासगी फायनान्सचं किती कर्ज आहे, हे त्यांत कुठेच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी खेड्यातली भीती पावसाची होती. इथे ती गेटवरच्या हजेरीची आहे.

इष्टांक

आता या सगळ्या राष्ट्रीय-जागतिक हिशेबांचा नागापूरशी संबंध कुठे येतो? तो एकाच ठिकाणी येतो, संख्येत.

२००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात घरोघर तेरा प्रश्न विचारले गेले. जमीन किती, घर कसं, घरातल्या माणशी कपडे किती, दोन वेळ जेवण मिळतं का, मुलं काय करतात, स्थलांतर का करता. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त बावन्न. पण किती गुणांखाली गरीब, हे आधी ठरलेलं नव्हतं. नियोजन आयोगाने काढलेल्या गरिबांच्या संख्येपेक्षा यादी दहा टक्क्यांहून जास्त मोठी होऊ नये, अशी अट होती. म्हणजे आधी संख्या, मग ती भरेल अशी गुणांची रेघ.

अन्नसुरक्षा कायद्यातही तसंच. देशातल्या किती टक्के लोकांना धान्य द्यायचं हे कायद्याने ठरलं आणि राज्यांचा हिस्सा २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवरून वाटला गेला. महाराष्ट्राला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची. मिळून सुमारे सात कोटी माणसं. हा महाराष्ट्राचा इष्टांक. तो जिल्ह्यांना वाटला, जिल्ह्यांनी तालुक्यांना. २०११ नंतर नागापूर-बोल्हेगावच्या बाजूला जी वस्ती वाढली तिच्यासाठी नवा आकडा आलेला नाही. कुणी मेलं, कुणाचं नाव कमी झालं, की जागा होते. रेशन दुकानात नवं नाव चढवायला गेलेल्या माणसाला मिळणारं उत्तर म्हणूनच ठरलेलं असतं, “इष्टांक शिल्लक नाही.”

कार्डाचे रंग तर त्याहून जुने. १ मे १९९९ ला राज्याने तिरंगी कार्डं आणली. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. त्या वेळी त्यांत अर्थ होता. आष्टीच्या कुटुंबाचं आज वर्षाचं उत्पन्न दीड लाख. नियमाने त्यांचं कार्ड पांढरं व्हायला हवं, मोटार असलेल्या माणसासारखं. आणि याच घरातली बाई लाडकी बहीण योजनेत बसते, तिथे मर्यादा अडीच लाखांची आहे. मुलांना आर्थिक दुर्बल घटकात प्रवेश घ्यायचा तर मर्यादा आठ लाखांची. निराधारासाठी २१ हजार, धान्यासाठी ५९ हजार किंवा ४४ हजार, बहिणीसाठी अडीच लाख, आरक्षणासाठी आठ लाख. जिथे गरज सर्वांत तातडीची, तिथे रेषा सर्वांत खाली गाडलेली आहे, आणि जिथे आवाज असलेला वर्ग रांगेत आहे तिथे ती उंच बांधलेली आहे. यामागे अर्थशास्त्र नाही, कोण किती जोरात मागू शकतं याचा हिशेब आहे, असं मला वाटतं.

प्रत्यक्षात या कुटुंबाकडे केशरी कार्ड आहे, गावाकडचं, प्राधान्य शिक्का असलेलं. पोर्टेबिलिटी आल्यापासून ते इथल्या दुकानात ई-पॉसवर अंगठा देऊन धान्य उचलतात. धाकट्याचं नाव अजून चढलेलं नाही, म्हणून चौघांऐवजी तिघांचं, पंधरा किलो. “हे बंद झालं तर खोली सोडून गावाला जावं लागंल,” नवरा म्हणाला. खरा पगार कुणी कार्डाला जोडला तर ते बंद होऊ शकतं, ही धास्ती त्याच्या बोलण्यात होती. मी त्याचं नाव लिहून घेतलं नाही.

माझी मागणी साधी आहे. निराधाराची मर्यादा किमान वेतनाला बांधावी, म्हणजे दरवर्षी ती आपोआप हलेल आणि बाईला खरा आकडा सांगून अर्ज करता येईल. इष्टांकासाठी नव्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर ते लगेच लावावेत, आणि तोवर स्थलांतरितांच्या वस्त्यांना वाढीव संख्या द्यावी. या दोन्ही गोष्टींसाठी नवी समिती लागत नाही.

गल्लीने काढलेली यादी

नगरपासून जवळच असलेल्या हिवरेबाजारने आपल्यापुरता हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. पाण्याचं आणि पिकांचं काम जमल्यावर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने गरिबीचा स्वतःचा निकष धरला. दोन वेळचं जेवण, मुलांचं शिक्षण आणि आजारपणाचा खर्च ज्या घराला झेपत नाही ते गरीब. सरकारी रेषेपेक्षा हा निकष वरचा होता. गाव एकमेकांना ओळखतं, ग्रामसभा भरते, म्हणून ते शक्य झालं. जिथे माणसं दर सहा महिन्यांनी खोली बदलतात तिथे असं काही होऊ शकेल का, याची मला शंका होती.

संध्याकाळी पाणी आल्यावर नळावर जमलेल्या बायकांना मी विचारलं, “या रांगेत सगळ्यांत गरीब कोण?” क्षणभर त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एक मावशी म्हणाल्या, “तिसऱ्या खोलीतली. तिचा नवरा मशीनवर बोटं गेल्यापासून घरी हाये.” दुसरी म्हणाली, “आन् ती कडंची. भाड्यापायी तीन वेळा जागा बदलली वर्षात.” तिसरं नाव सगळ्यांनी एकदमच घेतलं. पोर घेऊन माहेरी न जाता इथेच राहिलेली, वीस-बावीस वर्षांची.

उत्पन्न कुणीच सांगितलं नाही. दुखणं, भाडं आणि मागे उभं राहायला माणूस नसणं, एवढ्यावर त्यांनी तीन घरं निवडली, आणि त्यात मतभेद झाला नाही. मी त्या तिन्ही दारांशी जाऊन आले. पहिल्या घराचं कार्ड पांढरं होतं, कारण बोटं जाण्याआधी नवरा कायम कामगार होता. दुसरीकडे कार्डच नव्हतं, पत्ता बदलत राहिल्याने कागद जुळत नव्हते. तिसऱ्या मुलीचं नाव लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून कमी झालं होतं आणि सासरच्या कार्डावर चढायचं राहून गेलं होतं, म्हणून तिच्या वाट्याचं पाच किलो धान्य दोन्हीकडे नव्हतं.